बोगदा खोदताना आधार कधी, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायचा

बोगद्याच्या कामावर नव्याने आलेला इंजिनिअर पहिल्या आठवड्यात शॉटक्रीटची (खडकावर जोराने फवारलेल्या काँक्रीटची) जाडी, बोल्टची (खडकात होल पाडून घातलेल्या सळीची) लांबी आणि गर्डरमधलं (पोलादी कमानींमधलं) अंतर पाठ करतो. ते सगळं ड्रॉइंगवर असतंच. स्फोटानंतर किती वेळात काय उरकायचं आणि कशाच्या आधी काय करायचं, हे मात्र ड्रॉइंग सांगत नाही. गडबड नेमकी तिथे होते. पाच सेंटिमीटर शॉटक्रीट वेळेवर मारलं तर खडकाच्या भेगा जागच्या जागी धरून ठेवतं. तेच सहा तास उशिरा मारलं तर सुटलेल्या दगडावरचा गिलावा होतो.

इथे ड्रिल-ब्लास्ट पद्धतीने, म्हणजे होलं पाडून सुरुंग उडवत, खडकात खोदल्या जाणाऱ्या, साधारण १० मीटर रुंदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या बोगद्याचा विचार केला आहे. टीबीएम (बोगदा कोरणारं मशीन) आणि सेगमेंटचं (काँक्रीटच्या तयार तुकड्यांच्या अस्तराचं) काम वेगळं, मऊ मातीतलं त्याहून वेगळं. आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्या. प्रत्यक्ष कामावर डिझायनरने दिलेलेच पाळा.

## सुरुवातीआधी डोक्यात पक्कं बसवायची गोष्ट

बोगद्याभोवतीचा खडक स्वतःच कमानीसारखा भार पेलतो. आपण देतो तो आधार त्या कमानीला हातभार लावतो, वरचा अख्खा डोंगर उचलत नाही.

खडक आपली वाट पाहत थांबत नाही, हे दुसरं. फेसच्या, म्हणजे जिथे खोदाई चालू आहे त्या समोरच्या भिंतीच्या, पुढे साधारण अर्ध्या व्यासाच्या अंतरावरच खडक आत सरकायला लागतो. म्हणजे जिथे अजून खोदलेलंही नाही तिथे! फेसपाशी पोचेपर्यंत एकूण सरकण्यापैकी सुमारे एक तृतीयांश होऊन गेलेलं असतं, आणि फेस दीड व्यास पुढे गेला की ते बहुतेक पूर्ण होतं. १० मीटरच्या बोगद्यात तुमचा सगळा खेळ या १५ मीटरमध्ये आहे. फार उशीर केला तर खडक सैल होतो आणि सैल झालेल्या दगडाचं वजन थेट आधारावर येतं. खोल, दाबाखालच्या खडकात उलटी चूकही होते. पहिल्याच दिवशी ताठ, जाड कवच घातलं की ते नको तितका भार ओढून घेतं आणि तडकतं.

## टप्पा १: बोअरहोल वाचणं आणि खडकाचा वर्ग ठरवणं

लॉग, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्याची (कोअरची) नोंद, हाती आला की नजर आधी आरक्यूडीच्या, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याच्या आकड्याच्या, रकान्यावर जाते. १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची बेरीज करायची आणि ड्रिल केलेल्या लांबीशी तिचं टक्क्यांत प्रमाण काढायचं, इतकं ते सोपं आहे. तरी दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पेटीत बसवण्यासाठी हातोडीने तोडलेला किंवा ड्रिलिंगच्या झटक्याने मोडलेला कोअर दोन तुकडे म्हणून मोजला जातो. ताजी, स्वच्छ, खडबडीत तूट म्हणजे नैसर्गिक भेग नव्हे. टोकं जुळवा आणि ती लांबी एकच धरा. दुसरी चूक अधिक महागात पडते. उभ्या बोअरहोलला उभ्या भेगा क्वचितच सापडतात. त्यामुळे लॉगमध्ये आरक्यूडी ९० दिसतो आणि बोगद्यात मात्र उभ्या सांध्यांमधून (नैसर्गिक भेगांमधून) ठोकळे निखळतात. निदान काही बोअरहोल तिरपी घ्या, आणि पोर्टलजवळच्या (बोगद्याच्या तोंडाजवळच्या) उघड्या खडकावर सांध्यांची दिशा स्वतः कंपासने मोजा.

वर्ग ठरवायला आरएमआर (रॉक मास रेटिंग) आणि क्यू या दोन पद्धती सर्वत्र चालतात. आरएमआर हा शंभरापैकी गुणांचा हिशोब आहे: खडकाच्या ताकदीला १५, आरक्यूडीला २०, सांध्यांमधल्या अंतराला २०, सांध्यांच्या स्थितीला ३० आणि पाण्याला १५. या बेरजेतून सांध्यांच्या दिशेपोटी काही गुण वजा करायचे असतात. ही वजाबाकी विसरणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

उदाहरण घेऊ. खडकाची ताकद ६० मेगापास्कल, गुण ७. आरक्यूडी ५५, गुण १३. सांध्यांमधलं अंतर १५ सेंटिमीटर, गुण ८. सांध्यांत पातळ चिकणमातीचा भराव, गुण १०. खडक ओला, गुण ७. बेरीज ४५, म्हणजे पाचांपैकी तिसरा वर्ग (पहिला सर्वांत चांगला, पाचवा सर्वांत वाईट). आता थरांची दिशा बोगद्याला आडवी आहे आणि ते ३० अंशांनी कलले आहेत असं समजा. थर खोदाईच्या दिशेने पुढे उतरत असतील तर फक्त २ गुण जातात, ४३ उरतात, वर्ग तिसराच राहतो. समोरच्या पोर्टलवरून येणाऱ्या टोळीला मात्र तेच थर फेसमधून आपल्या अंगावर उतरताना दिसतात. त्यांचे १० गुण जातात, ३५ उरतात आणि वर्ग चौथा होतो. एकाच डोंगराला, एकाच खडकाला दोन तोंडांवरून दोन वर्ग मिळाले. एका बाजूचा तक्ता दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा चिकटवायचा नाही, तो यामुळे.

क्यू पद्धत १९७४ साली नॉर्वेत बार्टन, लिएन आणि लुंडे यांनी मांडली. तिच्यात तीन भागाकारांचा गुणाकार असतो: ठोकळ्यांचा आकार, सांध्यांमधलं घर्षण आणि ताणाची स्थिती. पोर्टलपाशी सांध्यांच्या संचाचा आकडा दुप्पट धरायचा आणि दोन बोगदे मिळतात तिथे तिप्पट. क्रॉस पॅसेजच्या (दोन बोगदे जोडणाऱ्या आडव्या वाटेच्या) तोंडाशी नेहमीचाच आधार लावून पुढे जाणारे ही तरतूद हमखास विसरतात.

तपासा: दोन्ही पद्धतींनी वर्ग काढा. दोन्हींत मोठी तफावत आली तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. बहुधा एखादा गुण चुकीचा भरलेला असतो.

## टप्पा २: पोर्टल

आत शिरण्याची घाई असते, पण पोर्टलपाशी माथ्यावरचा खडक सर्वांत पातळ आणि सर्वांत कुजलेला असतो. क्रम असा ठेवा.

1. उताराच्या माथ्यावर पाणी अडवणारा चर आधी खणा. पावसाळा तोंडावर असेल तर त्याआधी दुसरं काहीच नको.
2. उतार वरून खाली, पायरी-पायरीने कापा. प्रत्येक पायरीला बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीट पूर्ण झाल्याशिवाय खालची पायरी कापू नका.
3. बोगद्याच्या कमानीवर पाइपांची छत्री घाला. १२ ते १५ मीटर लांबीचे पाइप, ३० ते ५० सेंटिमीटर अंतरावर, किंचित वर झुकवून ड्रिल करायचे आणि आतून ग्राउटने (सिमेंट-पाण्याच्या मिश्रणाने) भरायचे. पुढची छत्री घालताना ती आधीच्या छत्रीखाली लांबीत निदान ३ मीटर ओव्हरलॅप व्हायला हवी.
4. बाहेर दोन-तीन गर्डर उभे करून त्यांचं काँक्रीट करा आणि मगच पहिली फेरी (एका स्फोटात खोदायची लांबी) घ्या. ती लहान घ्या.

सावध: पाइप घातले पण ग्राउट भरला नाही, तर डोंगरात नुसती भोकं पडली. प्रत्येक पाइपमध्ये किती ग्राउट गेला ते लिहा. शेजारच्या पाइपांत दोनशे लिटर गेले आणि एकात चाळीस, तर तो पाइप परत बघा.

## टप्पा ३: फेरीची लांबी आणि फेसचे भाग

आधाराशिवाय खडक किती वेळ टिकेल, हे वर्गावर आणि उघड्या अंतरावर ठरतं. आरएमआरच्या ढोबळ अंदाजानुसार तिसऱ्या वर्गात ५ मीटरचं उघडं अंतर आठवडाभर टिकतं, चौथ्या वर्गात २.५ मीटरचं दहा तास आणि पाचव्यात १ मीटरचं जेमतेम अर्धा तास. या तीन ओळी मोबाइलमध्ये नाही, भिंतीवर लावा. शिफ्ट बदलताना त्यांचाच विसर पडतो.

तिसऱ्या वर्गात वरचा भाग आधी आणि बेंच (खालचा भाग) नंतर, अशी १.५ ते ३ मीटरची फेरी घेतात. चौथ्यात १ ते १.५ मीटर. पाचव्यात फेसचे आणखी तुकडे पाडून अर्धा ते दीड मीटर. नेहमीचा मोह कसा असतो? खडक दोन फेऱ्या चांगला लागला की तिसरी लांब मारायची. प्रगतीच्या तक्त्यात ती छान दिसते. पण वर्ग बदलायचा तर फेसवरच्या नोंदीवरून, भूवैज्ञानिकाच्या सहीनेच बदला. फोरमनच्या अंदाजाने नव्हे, मग तो अंदाज दहापैकी नऊ वेळा बरोबर निघो.

फेसच्या पुढे काय आहे ते चाचपण्यासाठी २० ते ३० मीटरचं प्रोब होल घ्या, आणि ते संपायला ५ मीटर उरले असताना पुढचं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग, ड्रिलचा वेग आणि आवाज यांवर लक्ष ठेवा. पाणी अचानक तांबडं किंवा राखाडी गढूळ झालं, रॉड झटक्याने पुढे गेला, की पुढे कातरपट्टा (चिरडलेल्या, कमकुवत खडकाचा पट्टा) असण्याची शक्यता मोठी. प्रोब होल घेताना ऑपरेटरशेजारी वही घेऊन कुणी उभंच नसेल, तर ते होल घेण्यात काही अर्थ नाही.

## टप्पा ४: ड्रिलिंग आणि स्फोट

आधाराच्या लेखात स्फोट कशाला, असं वाटेल. पण वाईट स्फोटाची किंमत शॉटक्रीटमध्येच मोजावी लागते. १० सेंटिमीटर जादा फुटलं की ते १० सेंटिमीटर भरावे लागतात, शिवाय खडक अर्धा-एक मीटर आतपर्यंत तडकतो तो वेगळा.

सुरुवातीला मधल्या कटमधली (फेसच्या मध्यावरच्या होलांच्या गटातली) होलं फुटतात आणि पुढच्या होलांना मोकळी जागा करून देतात. कटमधलं मोठ्या व्यासाचं होल रिकामं ठेवायचं असतं, त्यात दारू भरायची नाही. परिघावरची होलं जवळजवळ, साधारण अर्ध्या मीटरवर घ्यायची, हलकी भरायची आणि शेवटी उडवायची. पुढच्या फेरीत ड्रिलला उभं राहायला जागा मिळावी म्हणून परिघाची होलं किंचित बाहेर झुकवतात. ठोकताळा असा: १० सेंटिमीटर, अधिक होलच्या प्रत्येक मीटरला ३. म्हणजे ३ मीटरच्या होलचं टोक रेषेच्या १९ सेंटिमीटर बाहेर. ऑपरेटर कंटाळला की हे १९ चे ४० होतात, आणि मग छताला करवतीचे दात आल्यासारखं दिसतं.

सावध: आधीच्या फेरीच्या उरलेल्या होलांच्या बुडांमध्ये कधीही ड्रिल घालू नका. आत न फुटलेली दारू असू शकते. ती बुडं रंगाने खुणावून ठेवा.

तपासा: मक (फुटलेल्या दगडांचा ढीग) काढल्यावर छताकडे पाहा. परिघाच्या होलांचे अर्धे पन्हाळे खडकावर शिल्लक दिसत असतील तर स्फोट सुबक झाला. चांगल्या खडकातही एकही पन्हाळ दिसत नसेल तर दारू जास्त झाली किंवा होलं वाकडी गेली.

## टप्पा ५: धूर, स्केलिंग, मॅपिंग, याच क्रमाने

स्फोटानंतरचा पहिला तास सर्वांत धोक्याचा. त्याचा क्रम असा:

1. पंखा चालू ठेवा आणि धूर निघू द्या. गॅस डिटेक्टरने कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही. तांबूस-तपकिरी धूर दिसला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड आहे. पण कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही, तेव्हा "धूर गेला" असं डोळ्यांनी ठरवू नका.
2. फक्त ब्लास्टर आत जाऊन न फुटलेले सुरुंग शोधेल.
3. मकच्या ढिगावर पाणी मारा. धूळ बसते आणि ढिगात अडकलेला वायूही निघतो. एरवी तो वायू लोडरने ढीग उपसताना बाहेर येतो आणि ऑपरेटरच्या नाकात जातो.
4. स्केलिंग म्हणजे लोंबकळणारे दगड पाडणं. सुरुवात नेहमी आधार दिलेल्या छताखालून करा आणि पुढे सरकत जा. आधी मशीनने, मग गरज पडली तर लांब पहारीने.
5. फेस मॅपिंग, म्हणजे फेसवरचा खडक आणि सांधे पाहून नोंदवणं.
6. त्यानंतरच शॉटक्रीट.

चौथी आणि पाचवी पायरी यांची अदलाबदल झाली की भूवैज्ञानिक लोंबकळत्या दगडाखाली उभा राहतो. पाचवी आणि सहावी बदलली की त्याला मॅप करायला शॉटक्रीटच उरतं. दुसरा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे, की फेस मॅपिंगच्या शीटवरची वेळ शॉटक्रीटच्या पोअर कार्डाशी (शॉटक्रीट कधी मारलं त्या नोंदीशी) ताडून बघायची मला सवयच लागली. एका कामावर सलग अकरा शीट शॉटक्रीट संपल्यानंतरच्या वेळेच्या निघाल्या. अकराही शीटवर सांध्यांच्या दिशा तंतोतंत सारख्या होत्या.

स्केलिंगचा आवाज ओळखायला शिका. पहार घट्ट खडकावर आपटली की टणक, वाजणारा आवाज येतो. सुटलेल्या दगडावर तो बद्द येतो, मडक्याला तडा गेल्यासारखा. इंजिनच्या घरघरीत हे ऐकू येत नाही. दोन मिनिटं मशीन बंद करायला सांगण्यात कसला कमीपणा?

## टप्पा ६: आधार बसवणं

खडक तुटका असेल, म्हणजे चौथा-पाचवा वर्ग, तर क्रम असा: ३ ते ५ सेंटिमीटरचा सीलिंग थर (उघडा खडक लगेच झाकणारा), मग लॅटिस गर्डर (सळ्यांची जाळीदार कमान) आणि लागली तर जाळी, मग शॉटक्रीटचा मुख्य थर, मग बोल्ट, मग उरलेली जाडी. खडक घट्ट पण ठोकळ्यांचा असेल तर बोल्ट आधी आणि शॉटक्रीट नंतर चालतं, कारण तिथे एकेक ठोकळा टाचून धरणं हेच मुख्य काम असतं.

१० मीटरच्या बोगद्याला आरएमआरच्या तक्त्याप्रमाणे तिसऱ्या वर्गात छताला ५ ते १० सेंटिमीटर शॉटक्रीट आणि ४ मीटरचे बोल्ट दीड ते दोन मीटरवर लागतात. चौथ्या वर्गात १० ते १५ सेंटिमीटर शॉटक्रीट, ४ ते ५ मीटरचे बोल्ट एक ते दीड मीटरवर, आणि लागेल तिथे दीड मीटरवर गर्डर. पाचव्यात १५ ते २० सेंटिमीटर शॉटक्रीट, ५ ते ६ मीटरचे बोल्ट, पाऊण मीटरवर गर्डर, फेसलाही शॉटक्रीट आणि तळ बंद. बोल्टची लांबी ताडून पाहायला क्यू पद्धतीचं साधं सूत्र आहे: २ अधिक रुंदीच्या ०.१५ पट. १० मीटरला साडेतीन मीटर येतात.

### शॉटक्रीट

- पाणी आधी काढा. ठिबकणाऱ्या जागेवर मारलेलं शॉटक्रीट चिकटत नाही, मागे दाब साठतो आणि अख्खी पापडी खाली येते. ठिबक दिसेल तिथे छोटं ड्रेन होल घ्या, त्यात पाइप खोचा, पाणी बाजूला वळवा आणि मग नोझल उघडा.
- पृष्ठभाग धुवा. स्फोटाची धूळ बसलेल्या खडकाला काहीच चिकटत नाही.
- नोझल काटकोनात, एक ते दोन मीटर अंतरावर धरा. तिरपं मारलं की माल उडतो. खड्डे आधी भरा, मग भिंतीच्या पायथ्यापासून वर चढत जा. वरून सुरुवात केली तर उडून खाली साचलेला माल भिंतीच्या पायाशी गाडला जातो, आणि नेमका तिथेच गर्डरचा पाय असतो.
- उडालेला माल परत वापरू नका, तो कितीही ताजा दिसला तरी.
- गर्डरच्या मागे पोकळी ठेवू नका. नोझल गर्डरच्या दोन्ही बाजूंनी तिरपा करून मागची जागा भरा. समोरून मारलं की सळीची सावली पडते आणि मागे बोगदाच राहतो.

अ‍ॅक्सिलरेटर (शॉटक्रीट लवकर घट्ट करणारं रसायन) जास्त घातला की पटकन चिकटतं म्हणून नोझलमन त्याचा नॉब फिरवतो. सुरुवातीची ताकद मिळते, पण २८ दिवसांची पडते. डोसचा आकडा मशीनच्या स्क्रीनवरून लिहून घ्या, तोंडी विचारू नका.

सावध: ताज्या शॉटक्रीटखाली कुणीही जायचं नाही. किती ताकदीनंतर जायचं ते डिझायनर ठरवतो, अनेक ठिकाणी हा आकडा १ मेगापास्कल असतो. सुई टोचून मोजण्याचं साधन फेसपाशीच हवं, लॅबच्या कपाटात नव्हे.

तपासा: दुसऱ्या दिवशी हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथे रंगाने गोल काढा, फोडा, परत मारा.

### बोल्ट

बोल्टची दिशा ड्रॉइंगवर त्रिज्येत दाखवलेली असते, पण बोल्टने सांधे ओलांडायला हवेत. सांध्याला समांतर घातलेला बोल्ट फक्त संख्येत मोजला जातो. फेस मॅपिंगचा हा सर्वांत थेट उपयोग आहे.

रेझिन कॅप्सूल (सळी चिकटवणाऱ्या रसायनाची पुडी) वापरताना होल आणि सळी यांच्या व्यासातला फरक फार ठेवू नका. २५ मिलिमीटरच्या सळीला ३२ ते ३५ मिलिमीटरचं होल ठीक. बिट संपला म्हणून ३८ चं घातलं तर कॅप्सूल फाटते पण मिसळत नाही, आणि सळी वेष्टणातच फिरत राहते. सिमेंट ग्राउट असेल तर पाणी-सिमेंट प्रमाण ०.३५ ते ०.४० ठेवा. पंप अडकतो म्हणून मजूर पाणी वाढवतात. पातळ ग्राउट छताच्या होलातून तोंडाशी गळतो आणि सळीचं वरचं टोक कोरडं राहतं, जे नेमकं घट्ट धरायला हवं होतं. ग्राउटची नळी होलच्या बुडापर्यंत घाला आणि भरत-भरत मागे ओढा.

मग बोल्टच्या तोंडावरची प्लेट. ती शॉटक्रीटला सपाट टेकली पाहिजे आणि नट आवळलेला पाहिजे. ग्राउट घट्ट झाला की नट आवळायला परत यावं लागतं, आणि ते परत येणंच राहून जातं. छताखालून चालताना प्लेटा बोटांनी हलवून पाहा. हलणारी प्लेट म्हणजे बिल झालेला, पण काम न करणारा बोल्ट.

## टप्पा ७: मोजमाप

टार्गेट (हालचाल मोजायची खूण) बसवायला उशीर होतो, हा सगळ्या कामांवरचा रोग. आधी सांगितल्याप्रमाणे एक तृतीयांश हालचाल फेसपाशीच संपलेली असते. आणखी दोन फेऱ्या गेल्यावर टार्गेट लावलं तर उरलेल्याचाही मोठा भाग निसटतो. मग आलेख सपाट येतो आणि सगळे खूष होतात. पहिली नोंद पुढचा स्फोट होण्याआधी घ्या.

आकड्यापेक्षा त्याचा कल पाहा. रोजची हालचाल ६, ४, ३, २, १ मिलिमीटर अशी उतरत असेल तर खडक नव्या आकारात स्थिरावतो आहे. ६, ४, ३, ३, ४ असं दिसलं तर आधी विचारा: जवळून बेंच गेली का? फेस पुढे सरकला का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर काम थांबवा आणि त्याच शिफ्टमध्ये आधार वाढवा. एकूण आकुंचन व्यासाच्या १ टक्क्याच्या आत असेल तर सहसा फारसा त्रास होत नाही. १० मीटरला ते १०० मिलिमीटर होतात. पण डिझाइनमध्ये ३० अपेक्षित असताना ७० झालं असेल, तर "शंभराच्या आत आहे" म्हणून निवांत बसू नका.

आलेखाबरोबर डोळेही वापरा. शॉटक्रीटवर बोगद्याच्या लांबीत धावणारी भेग, प्लेटांचं वाकणं, भिंतीच्या पायाशी उकलणारी पापडी. भेगेवर दोन्ही टोकांना रंगाची रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या शिफ्टला ती रेघेच्या पलीकडे गेली का, हे कुणालाही कळतं. त्याला टोटल स्टेशन (सर्व्हेचं यंत्र) लागत नाही.

फेसच्या मागे, पूर्ण झालेल्या वाटणाऱ्या भागातही फेरफटका मारा. उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी माती-दगड कोसळले ते फेसवर नव्हे, मागे, पोर्टलपासून सुमारे दोनशे मीटरवर. आत असलेले ४१ कामगार १७ दिवसांनी बाहेर आले. फेसपर्यंत पोचणारी मजबूत सुटकेची पाइपलाइन आणि आतल्या बाजूला पाणी, अन्न, संपर्काचं साधन ही तयारी पहिल्या फेरीपासून हवी.

## टप्पा ८: बेंच आणि तळ

वरचा भाग खोदून पुढे गेल्यावर त्याच्या गर्डरांचे पाय बेंचच्या खडकावर उभे असतात. बेंच कापताना तेच पाय अधांतरी होतात. म्हणून दोन्ही बाजूंची बेंच एकाच वेळी, समोरासमोर कधीही कापू नका. डावी पुढे, उजवी मागे, आणि एका वेळी दोन गर्डरांपेक्षा जास्त पाय मोकळे नकोत. पाय मोकळा झाला की त्याच शिफ्टमध्ये खालचा तुकडा जोडा. जोडावरचे बोल्ट घट्ट करा आणि प्लेटांच्या मधला मलबा आधी साफ करा. त्या फटीत अडकलेला मूठभर दगड पूर्ण गर्डर दोन सेंटिमीटर खाली बसवू शकतो.

कमकुवत खडकात तळ लवकर बंद करणं हाच खरा आधार असतो. कडं पूर्ण झालं की कवच एकदम ताठ होतं. पण तळ चिखलात, पाण्यात आणि डंपरच्या चाकांखाली असतो, त्यामुळे तिथलं काम सर्वांत घाण होतं आणि त्यावर लगेच मक पसरली जाते, कुणी बघत नाही. ऑक्टोबर १९९४ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली शॉटक्रीटचे बोगदे कोसळले, तेव्हा तपासात तळाच्या कामाचा वाईट दर्जा हे एक मुख्य कारण निघालं होतं. तळाचं शॉटक्रीट मारण्याआधी पाणी उपसा, सैल माल उचला, फोटो काढा. झाकण्याआधी जाडी मोजा.

## टप्पा ९: पाणी अडवणारा पडदा आणि अस्तर

हालचाल डिझायनरने दिलेल्या मर्यादेत स्थिरावल्याशिवाय अस्तर (आतलं शेवटचं काँक्रीटचं कवच) नाही. बोल्टची टोकं कापून त्यांवर शॉटक्रीटचा गुळगुळीत थर द्या, मग जिओटेक्स्टाइल (जाड संरक्षक कापड), मग मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा). मेम्ब्रेन ताणून बसवू नका, थोडी सैल हवी. काँक्रीट तिला खळग्यांत दाबतं तेव्हा ताणलेली मेम्ब्रेन जोडापाशी फाटते. दुहेरी शिवणीत हवा भरून दाब टिकतो का ते बघा. सळई बांधणाऱ्यांच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून तिला वाचवणं हे अर्धं काम आहे. त्यासाठी एक माणूस ओलं गोणपाट घेऊन नुसता उभा ठेवला तरी तो पगार वसूल होतो.

गॅन्ट्रीत (अस्तराच्या सरकत्या साच्यात) काँक्रीट दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीने चढवा, नाहीतर फॉर्म बाजूला सरकतो. आणि शेवटी माथा. काँक्रीट कितीही दाबून भरलं तरी माथ्यावर पोकळी राहते, कारण हवा तिथेच अडकते आणि काँक्रीट थोडं खाली बसतं. म्हणून भरतानाच माथ्यावर ग्राउटच्या नळ्या ठेवा. काँक्रीट पुरेसं घट्ट झाल्यावर बोगद्याच्या खालच्या टोकाच्या नळीतून, कमी दाबाने भरायला सुरुवात करा. पुढच्या नळीतून आधी हवा येईल, मग पाणी, मग पातळ ग्राउट. घट्ट ग्राउट यायला लागला की तिचं तोंड बंद करा आणि पंप पुढच्या नळीला जोडा.